‘बुरूज’मधला खुलासा

हमीदा,

परवा तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली आणि संध्याकाळच्या बसनं मी नांदेडला परत आले. तुझ्या घरी बायका मला म्हणत होत्या, रडून घ्या बाई, मन हलकं होतं. मला काही केल्या रडू येईना, कारण मला राग आला होता. साठीसुद्धा गाठली नाहीस. शिवाय आपलं भांडण अर्धवट टाकून गेलीस. अर्धवट राहिलेल्या भांडणात नेहमी तूच वरचढ असायचीस, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

आता जे लिहितेय त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हा कागद तुझ्याखेरीज इतरांनीही वाचावा असा माझा विचार आहे. आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. ती सांगायला मी चाळीस वर्षं मुहूर्त शोधत राहिले. दर वेळी तुझ्या घरी यायचे, चहा व्हायचा, तुझ्या हातची खारी शंकरपाळी व्हायची, आणि मी बसची वेळ झाली म्हणून उठायचे. मुहूर्त शोधणाऱ्याची हीच गत होते.

आपण दोघी उदगीरच्या. तू जिल्दसाजाची पोरगी, मी आडत दुकानदाराची. तुझे अब्बा शाळेची हजेरीपुस्तकं बांधायचे आणि माझे आप्पा तुरीचा भाव बांधायचे, असं तू म्हणायचीस. आठवीत एका बाकावर आलो ते केवळ उंचीमुळे. दोघी वर्गात सगळ्यात लांब, म्हणून मागच्या बाकावर. तिथं बसून तू पहिल्याच दिवशी माझ्या वहीत डोकावलीस आणि म्हणालीस, “काय अक्षर हाय वं तुझं! छापल्यावानी. पण लिहिलंयस काय? सगळं फळ्यावरचं.” माझं कौतुक आणि माझी टर तू एकाच दमात करायचीस. शेवटपर्यंत तसंच केलंस.

त्याच वर्षी मराठीच्या सरांनी व्हरांड्यातल्या भिंतीवर ती जाळीची पेटी बसवून घेतली. सागाची चौकट, पुढं तारेची जाळी, खाली लहानसं कुलूप. म्हणाले, हे तुमचं भित्तिपत्रक, तुम्हीच लिहा, तुम्हीच चालवा. किल्ल्याचा बुरूज आपल्या वर्गाच्या खिडकीतून दिसायचा म्हणून नाव ‘बुरूज’ ठेवलं. पहिल्या अंकात लेखाखाली नावं टाकली, तर कुणाचं नाव मोठं आणि कुणाचं बारीक यावरून दोन मुलींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या. तेव्हापासून सरांनी नियम केला की नाव कुणाचंच टाकायचं नाही, आणि सगळे लेख एकाच अक्षरात उतरवून काढायचे. ते अक्षर माझं. दर शुक्रवारी दुपारी आपण तुझ्या अब्बांच्या दुकानात बसायचो. तू मजकूर सांगायचीस, मी कार्डशीटवर टाकानं लिहायचे, आणि अब्बा गव्हाची खळ शिजवून द्यायचे. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. शनिवारी सकाळच्या शाळेला नवा अंक पेटीत.

शब्द एकीचे आणि अक्षर दुसरीचं, यात काही धोका आहे असं आपल्याला कुणालाच वाटलं नाही. मराठीच्या सरांनाही नाही. पुढच्या वर्षी त्यांची निलंग्याला बदली झाली, पेटीची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात आली, आणि अंक तपासणारं कुणी उरलंच नाही.

दहावीत होतो तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झालेला. लोक पत्ता सांगताना जुन्या सवयीनं जिल्हा उस्मानाबाद म्हणायचे आणि मग जीभ चावायचे. आप्पांच्या दुकानातल्या पाटीवर आधीचं नाव खोडून नवं लिहिलं होतं, पण रंग पातळ असल्यानं खालचंही दिसायचं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. संक्रांतीलाच विहिरी तळाला लागल्या. शाळेनं सांगितलं, प्रत्येकीनं घरून पाणी आणावं. तू ॲल्युमिनियमच्या कडीच्या डब्यात आणायचीस, मी तांब्यावर फुलपात्र पालथं घालून. पाचवीच्या पोरींचं पाणी दुसऱ्या तासालाच संपायचं. मग त्या आपल्या वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. तू घोटभर देताना म्हणायचीस, “हळू पी गे, ठसका लागल.”

मग कळलं की नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब पहिल्यांदाच शाळेला भेट देणार. मोठ्या सरांना, म्हणजे हेडमास्तरांना, शाळेला अकरावी-बारावी जोडून हवी होती. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. शाळेसाठी त्यांनी तालुक्यात कुणाच्या पाया पडायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. ते सारखे म्हणायचे, “जिल्हा नवा झालाय. पहिली वळख चांगली पडली पाहिजे.” गुरुवारी सकाळी टँकर आला. आपल्याला वाटलं, चला, हौद भरला. तो टँकर मैदानावर रिकामा झाला. धूळ उडू नये म्हणून सडा, व्यासपीठ धुऊन काढलं, कुंड्या भिजवल्या. स्वागताला दोन रांगांत पोरी उभ्या केल्या. साहेबांना यायला दुपारचा एक वाजला. ते दहा मिनिटं थांबले, शहाळ्याचं पाणी अर्धं प्याले आणि गेले. तोवर पाचवीतली एक पोरगी रांगेतच चक्कर येऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी तू मला ओढत तिच्या घरी नेलंस. मी म्हटलं, सगळ्यांनी बघितलंय, आता विचारायचं काय? तू म्हणालीस, “पडली ते बघितलं. का पडली ते कुठं बघितलं?” त्या पोरीच्या शेजारी खाटेवर बसून तू विचारलंस, सकाळी काही खाल्लं होतंस का. भाकर खाल्ली होती. पाणी कधी प्यालीस? आठला. मग? मग न्हाई. तू चौघींना विचारलंस. टँकरवाल्यालाही विचारलंस. आणि दुकानात येऊन मला सांगितलेला मजकूर इतकाच होता:

‘गुरुवारी शाळेत टँकर आला. ते पाणी मैदानावर शिंपडले. त्या दिवशी पाचवी ते सातवीच्या मुलींना प्यायला पाणी नव्हते. एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिने सकाळी आठपासून पाणी प्यायले नव्हते.’

मला ते फार कोरडं वाटलं. मी म्हटलं, शेवटी एखादं जळजळीत वाक्य टाकू या, ‘ही कसली माणुसकी’ असं काहीतरी. तू म्हणालीस, “न्हाई. वाचणारीला वाटू दे ना काय वाटायचं ते. आपण सांगून राहिलो, रडून न्हाई.” वर्तमानपत्रात काय असावं नि काय नसावं, हे मी पुढं पुष्कळांकडून ऐकलं. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या पोरीइतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही.

शनिवारी पेटीपुढं ही गर्दी! एरवी ‘बुरूज’ वाचायला आपणच एकमेकींना ओढून आणायचो. सोमवारी मोठ्या सरांनी वाचलं. प्रार्थना झाल्यावर त्यांनी तो कागद सगळ्या शाळेपुढं धरला आणि विचारलं, “हे कुणाचं अक्षर हाय?” विचारायची गरजच नव्हती. शाळेच्या प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर, बक्षिसाच्या प्रत्येक कागदावर तेच अक्षर होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तुझं नाव घेतलं नाही, पण ते धाडस नव्हतं. तोंडातून शब्दच निघत नव्हता. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला.

“सर, अक्षर शिवकांताचं हाय. शब्द माझे हायेत.”

तू रांगेतून पुढं आलीस आणि माझ्या शेजारी उभी राहिलीस. मोठे सर म्हणाले, “मग माफी लिहून दे.” तू म्हणालीस, “आगाऊपणा केला म्हणून मागते, सर. पण खरं लिहिलं त्याची कशी मागू?” त्यांनी तुला वर्गाबाहेर उभं केलं ते तीन दिवस.

चौथ्या दिवशी पेटीत खुलासा लागला. माझ्या अक्षरात. ‘मागील अंकात टँकरच्या पाण्याविषयी आलेली बातमी खोटी आहे. तिच्यामुळे शाळेची बदनामी झाली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संपादक मंडळ.’

त्यानंतर ‘बुरूज’ निघालाच नाही. तो एकच कागद पेटीत महिनाभर होता. आणि तू ‘शब्द माझे आहेत’ असं सगळ्यांपुढं सांगून बसली होतीस, तेव्हा बातमी खोटी म्हणजे तू खोटी. डब्यातलं पाणी ज्यांना पाजलंस त्या पोरीसुद्धा मागून कुजबुजायच्या, “खोटी हमीदा चालली.” चक्कर येऊन पडलेली पोरगी विचारलं की सांगायला लागली, मी उपाशी होते. तुझे अब्बा डोईवरची टोपी नीट करत ऑफिसात आले आणि एवढंच म्हणाले, “साब, हमारी बच्ची झूट नै बोलती.” पुढच्या वर्षी हजेरीपुस्तकं बांधायला दुसऱ्याकडे गेली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझ्या वर्तणुकीपुढं ‘उत्तम’ होतं, तुझ्या वर्तणुकीपुढं ‘साधारण’. लातूरच्या वसतिगृहात दोघींनी अर्ज केला होता. मला जागा मिळाली. तुला त्या एका रकान्यावरून परत पाठवलं.

माझ्या जाण्याच्या दिवशी तू स्टँडवर आलीस. मी तोंड लपवत होते. तू माझी वळकटी उचलून गाडीवर चढवायला दिलीस आणि म्हणालीस, “तुझ्यावर रुसले न्हाई मी. मोठ्या सरानं लिहून घेतलं, तू काय करशील? पण खोटी म्हणून कशाला लिहून घ्यावं लेकराकडून? नुसती माफी घ्यायची होती.” मी बसमध्ये चढले. तिथं बोलले असते तर एका वाक्यात संपलं असतं.

मी लातूरला शिकले, मास्तरीण झाले, भोकरला हेडमास्तरीण झाले. तू उदगीरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलीस. तिथंच शाई, तिथंच लग्नपत्रिका, तिथंच म्हातारी झालीस. छापखान्याचा मालक थकला तेव्हा यंत्रंही तूच चालवलीस, मग संगणक आला तर तोही शिकलीस. बाहेरगावच्या मंडळींना वाटायचं, ही कुणीतरी कामगार बाई. पण उदगीरात हँडबिल छापायला येणारे पुढारी तुला वचकून असायचे. ‘लाखोंच्या उपस्थितीत’ असं लिहून आणलं की तू चष्म्यावरून बघून विचारायचीस, “लाख मोजले का भाऊ? मैदानात मावतेत का?” आणि ‘मोठ्या संख्येने’ करून द्यायचीस.

भोकरला माझ्या शाळेत पोरांनी भित्तिपत्रक काढलं तेव्हा पहिल्यांदा मी मोठ्या सरांच्या बाजूला गेले. पोरांनी लिहिलं होतं की खिचडीच्या तांदळात सोंडे निघाले. दुसऱ्या दिवशी तपासणी यायची होती. मी कागद काढायला हात घातला आणि का कोण जाणे, आधी तुला फोन लावला. तू सगळं ऐकून घेतलंस.

“सोंडे होते का न्हवते?”

“होते गं. पण उद्या तपासणी...”

“मग कागद का काढून राहिलीस? सोंडे काढ.”

मी फोन ठेवला आणि कोठीत जाऊन अख्खं पोतं बदलायला लावलं. कागद तसाच राहिला. तपासणीचे साहेब तो वाचून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी त्यांना नवं पोतं दाखवलं. त्या दिवशीचा पगार मी खऱ्या अर्थानं कमावला, आणि तो तुझ्यामुळे. हे तुला कधी धड सांगितलं नाही. आज सांगते.

पण आपलं भांडण मिटलं नव्हतं. मी म्हणायचे, शाळा म्हणजे काही चावडी नव्हे, पोरं काहीही लिहितात. एकदा एका पोरानं तोतऱ्या मास्तरांवर लिहिलं, ते मी काढलंच. तू म्हणालीस, “बरं केलंस. ते खरं असलं तरी टिंगल हाय, बातमी न्हाई.” मी लगेच पकडलं, की मग टिंगल कुठली आणि बातमी कुठली हे ठरवणार कोण, शेवटी हेडमास्तरच ना? तू म्हणालीस, “पोरांना विचारून ठरव. तहान लागती त्यायला, आपल्याला न्हाई.” मी म्हणायचे, पोरं चुकतील. तू म्हणायचीस, “चुकू दे. मोठ्यांचे पेपर काय चुकत न्हाईत? दुसऱ्या दिवशी खुलासा टाकतेत की.” खुलासा हा शब्द तुझ्या तोंडून आला की मी विषय बदलायचे. तुला वाटायचं, मी हरले.

आणि मोठ्या सरांवरून तर दर खेपेला. मी त्यांची बाजू घ्यायचे. त्यांच्या खुर्चीवर बसल्यापासून त्यांची अडचण मला कळायला लागली होती. तू सगळं मान्य करायचीस. सडा, रांग, तीन दिवस उभं करणं, दाखल्यावरचं ‘साधारण’सुद्धा. एका शब्दावर मात्र अडून बसायचीस. “बाकी सगळं माफ केलं त्याला. पण पोरीच्या हातानं खोटी म्हणून लिहून घेतलं, ते न्हाई.”

मग ते साल आठवतं का? मोठे सर काठी टेकत नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला तुझ्या छापखान्यात आले होते. तू त्यांना खुर्ची दिलीस, पाणी दिलंस. पत्रिका तपासून झाल्यावर म्हणालीस, “सर, तेवढा एक शब्द तुम्ही लिहून घ्यायला नको होता.” सरांनी कान पुढं केला. म्हणाले, “कंचा शब्द, माय?” मी आले तेव्हा तू हे हसत हसत सांगितलंस. “म्हाताऱ्याला आठवणच न्हाई गे! माझं सगळं आयुष्य त्या शब्दावरून गेलं, आणि ह्यो म्हणतो कंचा शब्द.” हसता हसता तुझे डोळे भरून आले. मी समोर बसले होते. हातात चहाचा कप होता. तेव्हाही मी बोलले नाही.

सर खोटं बोलत नव्हते, हमीदा. त्यांना आठवणार कुठून? त्यांनी तो शब्द सांगितलाच नव्हता.

पेटीत खुलासा लागायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. समोर कोरं कार्डशीट होतं. ते म्हणाले, “शहाण्या घरची पोर हायस. खुलासा लिही अन् लाव पेटीत. काय लिहायचं ते तुला कळतंय.” आणि वर्गावर निघून गेले. खोलीत मी एकटी. आप्पांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, दाखल्यावर डाग लागला तर लातूर विसर, वैशाखात पाहुणे बोलावतो. मी आधी लिहिलं, ‘बातमीमुळे शाळेची बदनामी झाली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ इतक्यानं भागलं असतं. सरांनी तेवढंच वाचून मान डोलावली असती. पण मला वाटलं, हे कमी पडेल. ‘उत्तम’साठी अजून काहीतरी लागेल. म्हणून मी दुसरा कागद घेतला आणि तो शब्द माझ्या मनानं घातला. कुणी सांगितला नव्हता. कुणी हात धरला नव्हता. छापल्यासारखं माझं सुंदर अक्षर, त्यात मी माझ्या मैत्रिणीला खोटी ठरवलं, आणि त्यावर वसतिगृहात जागा मिळवली. माझा राग तुझ्यावर नव्हता गं. तो माझ्यावरच होता. तुझ्या घरी रडू न येण्याचं कारण तेच असावं.

जियारतीला सगळे उठल्यावर तुझी नाझिया मला छापखान्यात घेऊन गेली. आता तिथं फ्लेक्स छापतात, पण तुझं खिळ्यांच्या खणांचं लाकडी घोडं तिनं कोपऱ्यात जपून ठेवलंय. त्याच्या खालच्या खणातून तिनं एक गुंडाळी काढली. म्हणाली, “अम्मीनं सांगितलं होतं, शिवकांता मावशीला द्यायचं.” उघडली तर तो खुलासा. शाळेनं पेटी मोकळी केली तेव्हा तू तो सोडवून आणला होतास म्हणे. मोरचुदाच्या खळीमुळे एक कोपरासुद्धा खाल्ला गेला नव्हता. आणि ‘खोटी’ या शब्दावर तुझ्या लाल पेन्सिलीची रेघ होती, प्रूफ तपासताना मारतात तशी. शेजारी समासात लिहिलं होतं: ‘खरी’. खाली तुझी सही.

ही रेघ कधी मारलीस, विचारायला तू नाहीस. नाझियाला माहीत नाही. मला वाटतं, तुला आधीपासून ठाऊक होतं. सरांनी ‘कंचा शब्द’ विचारलं त्या दिवशी तर नक्कीच कळलं असेल. खोटं बोलणारा माणूस तू चष्म्यावरून बघून ओळखायचीस. मग ती गोष्ट हसत हसत मला कशाला सांगितलीस? मी बोलावं म्हणून थांबली होतीस का? आणि मी कप खाली ठेवून बस गाठली.

इथवर लिहून मी थांबले होते. मधे शनिवार येऊन गेला. शुक्रवारी रात्री कामापुरती खळ शिजवली, वाण्याकडून मोरचूद आणलं. टाक मिळाला नाही, निब असलेलं जुनं पेन सापडलं. त्यानं कार्डशीटवर नवा खुलासा लिहिला, अक्षर वाईट नाही आलं.

शनिवारी सकाळी पहिल्या बसनं उदगीरला, आपल्या शाळेत गेले. ती पेटी गेली, त्या जागी काचेची आहे. तिची जबाबदारी नववीतल्या एका मुलीकडे आहे, साक्षी नाव. हेडमास्तर तरुण आहेत. त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाले, “मॅडम, इतक्या वर्षांनी कोण विचारून राहिलंय?” मी म्हटलं, मी विचारतेय. त्यांनी साक्षीला बोलावून घेतलं. मग त्यांनी कागद त्या मुलीच्या हातात दिला. “पेटी तुझी हाय. तूच ठरव.”

हमीदा, तू असतीस तर त्या पोरीला कडेवर घेऊन नाचली असतीस. तिनं ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग मला विचारलं, “ती पोरगी खरंच पडली होती?”

“हो.”

“पाणी न्हवतं म्हणूनच?”

“हमीदानं तिच्या घरी जाऊन विचारलं होतं. मी सोबत होते.”

“मग लावते,” ती म्हणाली. खळ लावताना तिनं वास घेऊन नाक मुरडलं.

कागदावर इतकंच आहे: ‘बुरूज’च्या शेवटच्या अंकात टँकरच्या पाण्याविषयी आलेली बातमी खरी होती. ती हमीदानं लिहिली होती. ती खोटी असल्याचा खुलासा मी लिहिला होता. खोटी हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता, मोठ्या सरांनीही नाही.

काच लावायच्या आधी साक्षीनं विचारलं, “खाली नाव टाकू का मॅडम? आमच्यात टाकतेत.” मी तिच्याकडून पेन घेतलं आणि सही केली. मग तिथंच, व्हरांड्यात, सगळ्या पोरींपुढं मला रडू आलं.

हमीदा, या वेळी अक्षर माझं आहे. शब्दही माझेच आहेत.

तुझी,
शिवकांता